माळ्यावरच्या तबकड्या

दिवाळीची साफसफाई उरकली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. आधीची पत्रं चकलीच्या भाजणीची आणि तांब्या-पितळेवरच्या डागांची. नंतरची पत्रं माळ्यावरून जे खाली उतरलं त्याची. आजीचा शालू, घंगाळ, पाटा-वरवंटा, बंद पडलेलं घड्याळ. "ताई, याचं काय करू?" एवढाच प्रश्न असतो. यंदा मात्र एक पत्र असं आलं की त्याला चार ओळींत उत्तर देऊन भागेना.

पत्र भोर तालुक्यातल्या कामथडीहून आलं होतं. लिहिणारी भगिनी त्या घरची धाकटी नव्हे, थोरली सून. तिचंच पत्र थोडक्यात देते:

"ताई, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना नसरापूरजवळ आमचं गाव लागतं. माझ्या मामंजींचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. लग्न असो, जत्रा असो, गणपती असो, आसपासच्या वाड्यांमध्ये त्यांचेच कर्णे लागायचे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. माळ्यावर रेकॉर्डींनी भरलेल्या तीन पत्र्याच्या पेट्या आहेत. लावण्या, पोवाडे, भारुडं, कोळीगीतं, सिनेमाची गाणी, सगळं आहे. भावजींनी पुण्याहून एक गृहस्थ आणले. त्यांनी वरवर चाळून तिन्ही पेट्यांचे मिळून ठोक पैसे सांगितले. भावजी द्यायला निघालेत. ह्यांचं म्हणणं, भंगारात जाण्यापेक्षा बरं. सासूबाई मात्र काहीच बोलत नाहीत, आणि त्या दिवसापासून धड जेवतही नाहीत. ताई, जुन्या रेकॉर्डींना खरंच किंमत असते का? ठेवायच्या तर कशा ठेवायच्या? आणि आत्यांना कसं विचारू?"

तीन प्रश्न. पहिल्या दोघांची उत्तरं सोपी आहेत. तिसऱ्याचं उत्तर तिथे गेल्याशिवाय देणं मला जमलं नसतं. योगायोगानं त्याच आठवड्यात शिरवळला एका लग्नाला जायचं होतं. माझा आतेभाऊ कॉलेजात होता तेव्हापासून जुन्या तबकड्या जमवतो. त्याला सोबत घेतलं आणि वाटेत कामथडीला उतरलो. तिथे जे पाहिलं आणि शिकले ते तुम्हाला सांगते, कारण अशी एखादी पेटी पुष्कळांच्या माळ्यावर असते.

आधी ओळख पटवून घ्या

पेट्या ओसरीवर आणल्या. भावानं पहिल्यांदा काय केलं असेल, तर सगळ्यांचे हात थांबवले. तबकडी धरायची ती दोन्ही तळव्यांनी, कडेला आणि मधल्या लेबलाला. रेघांवर बोट लावायचं नाही, कारण हाताचा तेलकटपणा धूळ धरून ठेवतो. मग त्यानं तीन ढीग लावले.

पहिला ढीग जड, काळ्या, दहा इंची तबकड्यांचा. त्या मिनिटाला ७८ फेरे घेतात आणि एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावतं. त्या लाखेच्या असतात. हो, बांगड्यांची लाख तीच! लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून त्या दाबून काढत. हातातून सुटली की काचेच्या बशीसारखी फुटते. दुसरा ढीग सात इंची, ४५ फेऱ्यांच्या छोट्या तबकड्यांचा. तिसरा बारा इंची, ३३ आणि एक तृतीयांश फेऱ्यांच्या मोठ्या तबकड्यांचा, ज्यांच्या एकेका बाजूला वीस-बावीस मिनिटं गाणी चालतात. या दोन्ही विनाइल नावाच्या प्लास्टिकच्या. या सहजी फुटत नाहीत, पण उन्हात पापडासारख्या वाकड्या होतात. कोणती कुठली हे ओळखता आलं नाही, तर पुढची सगळी मेहनत वाया जाते, कारण दोघींचं धुणं वेगळं, वाजवणं वेगळं.

या धंद्याचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. आपल्याकडचं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला झालं. गायिका गौहर जान त्यात होत्या. गाणं कलकत्त्यात गायचं आणि तबकडी छापून यायची जर्मनीतल्या हॅनोव्हरहून! आपल्याच रानातली लाख साता समुद्रापार जायची आणि गाणं होऊन परत यायची. पुढे १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला आणि १९२८ साली डमडमला मोठा कारखाना झाला. कर्ण्यापुढे बसलेल्या कुत्र्याचं चित्र ज्या तबकड्यांवर तुम्ही पाहिलं आहे, त्या पुष्कळशा तिथल्याच. त्या ग्रामोफोन कंपनीचं नाव २००० साली बदलून सारेगामा झालं. विनाइलची मोठी तबकडी अमेरिकेत १९४८ साली निघाली, मग ती आपल्याकडे आली, आणि १९८० नंतर कॅसेटनं तिलाही माळ्यावर पाठवलं.

किंमत कशावरून ठरते

आता पहिला प्रश्न. जुनं ते सोनं ही म्हण तबकड्यांना लागू नाही, हे आधी मनात पक्कं करा. नव्वद वर्षांची तबकडी कोणी फुकट घेत नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचीला लोक शोधत येतात, असंही होतं. जी तबकडी हजारांनी छापली गेली आणि घरोघर आहे, तिला भाव कमी. गाजलेल्या सिनेमांच्या गाण्यांचं पुष्कळदा असंच असतं.

लोकगीतांची गोष्ट निराळी. लावणी, पोवाडा, गोंधळ, भारूड, गवळण यांच्या तबकड्या दिवाणखान्यात कमी आणि मांडवात जास्त वाजल्या. धूळ, ऊन, रात्रभराचं जागरण आणि वर जड सुई. म्हणून चांगल्या अवस्थेतली लोकगीताची तबकडी सहसा हाती लागत नाही, आणि जमवणारे नेमकी तीच मागतात.

भावानं एकेक नाव वाचायला सुरुवात केली तेव्हा ओसरीवरचं वातावरण बदललं. शाहीर साबळे यांचं नाव निघालं. साबळे वाईजवळच्या पसरणीचे, जन्म १९२३ चा. म्हणजे याच रस्त्यानं खंबाटकी घाट ओलांडला की त्यांचा मुलूख. १९९८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१५ साली ते गेले, आणि त्यांच्या आवाजानं घराघरांत पोचलेलं 'जय जय महाराष्ट्र माझा' २०२३ साली आपलं राज्यगीत झालं. मग सुलोचना चव्हाण यांचं नाव आलं. डोक्यावरून पदर घेऊन, खाली बसून लावणी गाणाऱ्या या बाईंना २०२२ साली पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्या गेल्या. प्रल्हाद शिंदे आले, विठ्ठल उमप आले. आतापर्यंत खांबाला टेकून उभे असलेले भावजीही हळूच खाली बसले. "ही माझ्या बारशाला वाजली होती म्हणे," असं एक तबकडी पाहून ते म्हणालेसुद्धा!

तबकडीची अवस्था पाहायची ती अशी. ट्यूबलाइटखाली तिरपी धरा. बारीक केसासारख्या रेघा दिसल्या तर चालतं. पण जो ओरखडा नखाला लागतो तो गाण्यातही लागणार, सुई तिथे टकटक करणार. मधल्या भोकाभोवती लेबलावर पांढऱ्या रेघांचं जाळं असेल, तर ती खूप वेळा लावली गेली आहे असं समजा. लाखेच्या तबकडीची कड सगळीकडून पाहा, कपची उडालेली किंवा चीर गेलेली असते. मूळ कागदी वेष्टन शाबूत असेल तर भाव वाढतो, म्हणून फाटकं वेष्टनही टाकू नका. त्यावर बरीच माहिती छापलेली असते.

विकायच्या असतील तर

विकण्यात काही पाप नाही. ज्या तबकड्या घरात कोणी ऐकणार नाही, त्या ऐकणाऱ्याकडे जाव्यात हेच बरं. पण काही नियम पाळा.

एक, आधी यादी. शंभर पानी वहीत रेघा मारून रकाने पाडा: लेबलावरचा क्रमांक, गाण्याचं नाव, गायक, कंपनी, अवस्था. शेवटची रेघ आणि लेबल यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तिथेही बारीक अक्षरं-आकडे कोरलेले असतात. तेही उतरवा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा.

दोन, ठोक व्यवहार करू नका. पेटीचा भाव सांगणाऱ्याच्या मनात पेटीतल्या पाच-दहा तबकड्यांचा भाव असतो, बाकीच्या तो नाइलाजानं नेतो. त्यात त्याची लबाडीच असते असं नाही, तो त्याचा व्यापार आहे. पण आपला माल काय आहे हे आपल्याला ठाऊक हवं.

तीन, दोन तरी ठिकाणी विचारा. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईचा चोरबाजार तर प्रसिद्धच आहे. तिथे आधी गिऱ्हाईक म्हणून जा आणि अशाच तबकडीला काय सांगतात ते ऐका. तो दुकानदाराचा विकण्याचा भाव असतो. तुमच्याकडून घेताना तो अर्थातच कमी देणार. मुंबईत तबकड्या जमवणाऱ्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था १९९० पासून आहे. अशा जाणकारांना यादी दाखवली तर एखादी तबकडी विकण्यापेक्षा संग्रहात जपण्याजोगी आहे का, तेही कळतं.

आणि चार, हा नियम मी मुद्दाम शेवटी ठेवला. या तबकड्या कोणाच्या? घरचा पुरुष गेला आणि मृत्युपत्र केलेलं नसलं, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्याच्या स्वतःच्या कमाईच्या चीजवस्तूत बायकोचा, मुलांचा आणि मुलींचा सारखा वाटा असतो. त्याची आई हयात असेल तर तिचाही. जमिनीच्या वेळी हे सगळ्यांना आठवतं. माळ्यावरच्या पेटीच्या वेळी कोणालाच आठवत नाही. मी हे वाक्य ओसरीवर सहज बोलल्यासारखं बोलले. भावजी म्हणाले, "आईला कशाला त्रास द्यायचा, म्हणून विचारलं नव्हतं." ते खोटं बोलत नव्हते. आपल्या घरांतून पुष्कळ गोष्टी अशाच, त्रास नको म्हणून, बाईला न विचारता होतात.

ती घासलेली तबकडी

सासूबाई इतका वेळ दारात बसून घेवडा सोलत होत्या. पुढ्यातलं सूप बहुतेक रिकामं झालं होतं तरी हात चालूच होते. भाऊ तबकड्या पाहून बाजूला ठेवत होता: चांगल्या इकडे, बऱ्या मध्ये, अगदी कामातून गेलेल्या तिकडे भिंतीशी. एक सात इंची तबकडी त्यानं उचलली. वेष्टन नव्हतं. रेघा घासून काळ्याच्या करड्या झालेल्या. लेबलावरची अक्षरं जवळजवळ पुसलेली, इंग्रजीत छापलेलं 'मराठी फोक साँग' तेवढं कसंबसं वाचता येत होतं. त्यानं ती भिंतीकडच्या ढिगावर ठेवली.

"ती नगा टाकू तिकडं," सासूबाई म्हणाल्या. दोन तासांतलं त्यांचं पहिलं वाक्य.

"काकू, ही फार घासलीय हो," भाऊ म्हणाला. "हिला कोणी दमडी देणार नाही."

"म्हनूनच म्हनते. नगा टाकू."

सुनेनं जवळ जाऊन विचारलं, "का हो आत्या? कुठली आहे ती?"

मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा घरात एक कर्णा, एक मशीन आणि एक बॅटरी एवढंच होतं. यजमान बैलगाडीत सामान टाकून वाड्या-वस्त्यांवर जायचे. रस्ते अंधारे, मध्ये ओढे, निरोप द्यायला काही साधन नाही. "मशीन लावलं की आवाज बघाया पयली हीच रेकॉर्ड लावायचे. दुसरी न्हाई. वारा आपल्याकडं असला की लांबनं ऐकू यायची. ती वाजली की मला कळायचं, पोचले, काम सुरू झालं. मग मी दार लोटून घ्यायची. आन् पहाटं सगळं उरकलं की सामान काढायच्या आधी पुन्यांदा हीच लावायचे. ती ऐकली की मी उठून चुलीवर पानी ठेवायची."

"तुमचं असं ठरलं होतं?" मी विचारलं.

"ठरतंय कशाला? आमी ह्यावर कधी बोललो न्हाई. त्यांना ठावं हुतं का न्हाई, ते बी मला ठावं न्हाई."

"लग्नाला सोळा वर्षं झाली माझ्या," सून म्हणाली, "आणि हे मला आज कळतंय, आत्या."

"कुनी इचारलं का?" सासूबाई म्हणाल्या. त्यात राग नव्हता. खरंच कोणी विचारलं नव्हतं.

भावानं आपलं छोटं यंत्र आणलं होतं. त्यानं ती तबकडी ओल्या फडक्यानं हळूच पुसली, कोरडी होऊ दिली आणि लावली. आधी नुसतीच खरखर. मग त्या खरखरीच्या मागून ढोलकी आली, मग आवाज. शब्द निम्मे कळले, निम्मे कळले नाहीत. गाणं संपायच्या आत सासूबाई उठल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, डोळे पुसायला गेल्या असतील. थोड्या वेळानं आतून स्टोव्हचा आवाज आला. त्यांनी चहाचं पाणी ठेवलं होतं.

चहा घेताना भावजींनी विचारलं, "मग आई, ही ठेवू आणि बाकीच्या देऊ का?"

"द्या की. मी काय एवढ्या ऐकनार हाय?" त्या म्हणाल्या. "पर मोजून द्या. त्यांनी एकेक करून आनल्यात, एकेक करून जाऊ द्या."

ठोक व्यवहार करू नका हे सांगायला मी एवढा मोठा परिच्छेद खर्च केला. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं!

धुणं, पुसणं, ठेवणं

आता दुसरा प्रश्न, तबकड्या ठेवायच्या कशा. हे कापून ठेवा.

लाखेच्या, म्हणजे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना स्पिरिट, कोलनवॉटर, सॅनिटायझर असलं काहीही लावू नका. स्पिरिटात लाख विरघळते आणि गाणं कायमचं जातं. मऊ सुती फडकं साध्या स्वच्छ पाण्यात बुडवून घट्ट पिळा आणि रेघांच्या दिशेनं, गोल गोल पुसा. आडवं पुसू नका. लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. लाखेची तबकडी पाण्यात भिजत घालायची नाही.

विनाइलच्या तबकड्या पाण्याला तेवढ्या भीत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी घ्या, त्यात भांड्यांच्या सौम्य साबणाचा एखादाच थेंब टाका, मऊ कुंचल्यानं रेघांच्या दिशेनं फिरवा, मग नुसत्या शुद्ध पाण्यानं साबण काढून टाका. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. ताटाळ्यात ताटं ठेवतो तशा उभ्या ठेवून सावलीत वाळवा. पंखा जोरात लावू नका, धूळ बसते.

चकाकी यावी म्हणून खोबरेल लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. दोन दिवस चकाकते आणि मग सगळी धूळ त्यात रुतते. रांगोळी, राख, लिंबू हे पितळेसाठी. तबकडीला नाही.

भोर-वेल्ह्याकडचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहेच. दमटपणात वेष्टनांना बुरशी येते आणि तिथून ती तबकडीवर उतरते. बुरशी दिसली तर घराबाहेर, नाकाला फडकं बांधून आधी कोरड्या कुंचल्यानं झाडा, मग वर सांगितल्याप्रमाणे पुसा. वेष्टन फार खराब असेल तर ते वेगळ्या पिशवीत ठेवा आणि तबकडीला साध्या पांढऱ्या कागदाचं नवं पाकीट करा. वर्तमानपत्राचा कागद नको, शाई लागते.

ठेवायच्या त्या उभ्या. आडव्या रचल्या की खालच्यांवर भार येतो, आणि तिरक्या ठेवल्या की वाकतात. आकारानुसार वेगळ्या लावा, मध्ये पुठ्ठ्याचे पडदे घाला. लाखेच्या पन्नास तबकड्यांचं वजन दहा किलोंच्या आसपास भरतं, तेव्हा फळी मजबूत हवी आणि पेटी एकटीनं उचलू नये. पत्र्याच्या छपराखालचा माळा ही सगळ्यात वाईट जागा, उन्हाळ्यात तिथे तवा तापतो. कपाटाचा खालचा खण, बाहेरच्या ओल्या भिंतीपासून लांब, हा चांगला.

तबकडी फुटली असेल तर चिकटवू नका आणि टाकूही नका. तुकडे एका पाकिटात ठेवून वर क्रमांक लिहा. त्या गाण्याची माहिती शोधणाऱ्याला लेबलसुद्धा उपयोगी पडतं.

वाजवण्याबद्दल दोनच गोष्टी. किल्लीच्या जुन्या फोनोवर विनाइलची तबकडी कधीही लावू नका. त्याचा डोक्याकडचा भाग जड आणि टाचणी पोलादी, एका फेऱ्यात रेघा खरवडून निघतात. त्या फोनोवर लाखेचीच तबकडी लावायची, तीही दर बाजूला नवी टाचणी घालून. आणि नव्या विजेच्या यंत्रावर लाखेची लावायची असेल तर त्याला ७८ चा वेग आणि रुंद रेघांसाठीची वेगळी सुई आहे का, हे विकत घेण्याआधीच विचारा. मुलं वाढदिवसाला असलं यंत्र आणतात, तेव्हा हे पाहत नाहीत.

एक काम मात्र आजच करा

तबकडी कितीही जपली तरी ती झिजणारी वस्तू. म्हणून जी घरची आहे, तिचं एकदा मोबाइलवर किंवा संगणकावर ध्वनिमुद्रण करून ठेवा. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षं राहतो. तेव्हा नव्या तबकड्यांची नक्कल घरात ऐकण्यापुरतीच ठेवा, विकू-वाटू नका.

आणि त्याच वेळी दुसरं ध्वनिमुद्रण करा. तबकडी बाजूला ठेवून घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारा, ही कुठली, कधी घेतली, कोणत्या लग्नात वाजली. कंपन्यांनी शाहिरांना आणि गायिकांना तबकडीत जागा दिली, ते चांगलंच झालं. पण पहाटे जात्यावर गाणाऱ्या बायकांना कोण जागा देणार होतं? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी १९८० नंतरच्या काळात आपल्या पुणे जिल्ह्यातल्या मावळ-मुळशीपासून सुरुवात करून गावोगावच्या बायकांच्या ओव्या गोळा केल्या. आज त्या संग्रहात एक लाखाहून जास्त ओव्या आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ 'पारी' या संकेतस्थळावर बायकांच्या स्वतःच्या आवाजात ऐकायला मिळतात. कोणी तरी जाऊन विचारलं, म्हणून त्या राहिल्या. तुमच्या घरातल्या आवाजासाठी पुण्या-मुंबईहून कोणी येण्याची वाट पाहायला नको. मोबाइल तुमच्या हातातच आहे.

परवा कामथडीचं दुसरं पत्र आलं. रोज दुपारी सासू-सून वही घेऊन बसत होत्या. सून क्रमांक वाचायची, सासूबाई गोष्ट सांगायच्या. एकंदर २१४ तबकड्या निघाल्या. नणंदेलाही बोलावून विचारलं, तिनं लग्नात वाजलेल्या दोन मागून घेतल्या. आधीच्याच गृहस्थांना यादी दाखवली. निवडक एकतीस तबकड्यांना त्यांनी जवळजवळ तेवढेच पैसे दिले, जेवढे आधी तिन्ही पेट्यांचे सांगितले होते. सगळ्यांनी मिळून ते सासूबाईंच्या पोस्टातल्या खात्यावर टाकले. बाकीच्या तबकड्या आता माळ्यावर नाहीत, आतल्या खोलीत कपाटाच्या खालच्या खणात उभ्या आहेत.

आणि ती घासलेली? तिला सुनेनं जुन्या नऊवारीच्या काठाचं पाकीट शिवलंय. आत मऊ पांढरा कागद घातलाय, बरं का. पत्राच्या शेवटी तिनं लिहिलंय, "ताई, आत्या आता नीट जेवतात. पण एक खोड लागलीय. संध्याकाळी भावजींना यायला उशीर झाला की म्हणतात, लाव गं ती रेकॉर्ड."